खिरवडकरांचं दुसरं मीटर

१

खिरवडकरांच्या घरी पाण्याची दोन बिलं आली आणि मला माझा चहा अर्धा टाकून उठावं लागलं.

मी रामकृष्ण पोफळी. रेल्वेत क्लेम इन्स्पेक्टर होतो. लोकांची हरवलेली पार्सलं शोधण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झालो तरी रायपूरच्या आमच्या मोहल्ल्याला, ब्राह्मणपाऱ्याला, ते मान्य नाही. कुणाची म्हैस सापडेना, कुणाचा जावई सापडेना, की लोक माझ्या दारात. सकाळी विशाल खिरवडकर मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, "काका, जल्दी चलिए, बाबा बहुत गुस्से में हैं।" हा पोरगा मराठी सगळं समजतो, पण उत्तर हिंदीतच देतो. आजकाल सगळ्यांच्याच घरी असं आहे.

देवीदास खिरवडकर ओसरीवर दोन कागद हातात धरून उभे होते. दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी चिडायला मनाई केली होती आणि चिडणं हाच तर त्यांचा मुख्य उद्योग.

"पाहा रामकृष्णभाऊ. हे बिल माझ्या नावाचं. ठीक आहे. आन् हे पाहा, कोणाच्या नावाचं आहे!"

दुसऱ्या बिलावर नाव होतं कांताबाई मोहोड. घराची मागची बाजू, दुसरं मीटर, वापर धंद्यासाठी. सोबत नोटीस होती. हे कनेक्शन परवानगीशिवाय घेतलेलं दिसतं, खुलासा करा, नाही तर सगळ्या घराचं पाणी बंद होईल.

कांताबाई म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीतली भाडेकरीण. नवरा गेल्यावर वर्ध्याहून आली आणि डबे करून देऊ लागली. शहर राजधानी झालं, दफ्तरं वाढली, घर सोडून आलेले बाबू वाढले, आणि कांताबाईच्या वरणभाताला गिऱ्हाईक मिळालं. तिचं जे काही आहे ते त्या एका खोलीत आहे.

"बिलाची दुरुस्ती करून घेऊ," मी म्हणालो. "त्यात एवढं काय?"

"एवढं काय? भाऊ, पाण्याचं बिल म्हंजे पुरावा असते. उद्या ही बाई कोर्टात उभी राहीन आन् म्हणन, ही जागा माही आहे. राजधानी झाल्यापासून इथे खोलीचा भाव काय होऊन राहिला, तुमाले मी सांगावं का? मी सांगून टाकलं तिले, अक्तीपर्यंत खोली खाली कर."

छत्तीसगडात अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. ती तोंडावर आली होती.

सरलावहिनी, म्हणजे देवीदासांच्या पत्नी, पाण्याचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या. "हळू बोला ना हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "विशाल, जाऊन मारुतीपुढे नारळ वाढवून ये रे बाबा. सकाळपासून ह्यांच्या छातीत धडधड होऊन राहिली."

मागच्या दारातून आवाज आला. कांताबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती, हात पिठाचे.

"भाऊजी, मी कनेक्शन घेतलं असतं, तर अगोदर नळ नसता का लावला? अजून तुमच्याच तोटीवर बादली भरून राहिली ना मी."

हे मला पटलं. हरवलेल्या पार्सलच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, पार्सल मुळात होतं का? मी सरळ मागच्या गल्लीत गेलो.

भिंतीतून एकच पाइप येत होता. त्यावर एकच मीटर होतं, कांताबाईच्या खिडकीखाली. दुसऱ्या मीटरचा मागमूस नव्हता.

पण त्या एकुलत्या मीटरमध्ये एक गंमत होती. ते गंजून काळं पडलं होतं, आणि त्याची काच मात्र लख्ख नवी होती. कडेची पुट्टी अजून पांढरीशुभ्र होती.

२

नसलेल्या मीटरचं बिल कुणाच्या फायद्याचं, याचा मी विचार केला. कांताबाईला पुरावा मिळत होता. देवीदासांना तिला काढायला निमित्त मिळत होतं. विशालला त्या खोलीत कम्प्यूटरचं दुकान टाकायचं होतं, हे सगळ्या पाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याचा एक मित्र पाण्याच्या दफ्तरात बसत होता.

मी कांताबाईपासून सुरुवात केली. ती पोळ्या लाटत होती. बसायला पाट दिला, पण लाटणं थांबवलं नाही. डब्यांना उशीर झाला तर बाबू लोक कारणं ऐकत नाहीत.

"तुमच्याकडे दफ्तराचा कोणी माणूस आला होता?" मी विचारलं.

"माह्याकडे कोणी नाही आलं. पण मी एक दिवस घरी नव्हती. वहिनीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं ना, त्या दिवशी."

"कुठे गेला होता?"

"बीरगांवले, बहिणीकडे, आदल्या दिवशीच. हळदीकुंकवाच्या दिवशी मी थांबतच नाही घरी. वहिनी काही म्हणत नाही. पण येणाऱ्या बायांना बरं वाटत नाही अन् मलेही नाही. मंग काहून उगाच?"

पोळी तव्यावर टाकताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. ती तक्रार करत नव्हती, म्हणून जास्तच वाटलं.

"मीटरची काच कधी बदलली?"

"काच?" ती थांबली. "बहिणीकडून आली तवा खिडकीखाली चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मले वाटलं, थंडीनं पाइप झाकला असन."

रायपुरात पाइप झाकावा अशी थंडी मी तरी पाहिलेली नाही.

मी उठलो तेव्हा तिने विचारलं, "भाऊ, खोली जाईन का माही?"

मी नाही म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मलाही माहीत नव्हतं.

३

विशाल मारुतीहून परत आला होता आणि गाडी पुसत होता. गाडीचा डावा इंडिकेटर नवा होता, उजवा जुना.

"मीटरची काच कुणी बसवली रे?"

"काँच? मुझे क्या पता काका। पुरानी होगी।"

"जुनी काच नवी दिसते?"

"आजकल का माल अच्छा आता है।" तो पुसत राहिला, पण पुसून पुसून चकचकीत झालेली जागाच पुन्हा पुसत होता.

"दफ्तरात तुझा मित्र आहे ना?"

"है तो? आप मुझपे शक कर रहे हैं?" तो एकदम उभा राहिला. "काका, मुझे दुकान चाहिए, ये सच है। पर कांता मौसी के हाथ का खाके बड़ा हुआ हूँ मैं। उनको निकालने के लिए ऐसा करूँगा?"

डोळे भरून आले होते पोट्ट्याचे. खरं बोलत होता. पण काचेबद्दल खोटं बोलत होता, तेही तेवढंच खरं. एकच माणूस एका दमात खरं आणि खोटं दोन्ही बोलतो, तेव्हा क्लेम इन्स्पेक्टरची पंचाईत होते.

"बाबांना काचेचं काही सांगू नका," जाताना तो हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला.

४

पाण्याच्या दफ्तरात गर्दी होती. राजधानी झाल्यावर सगळी जुनी कनेक्शनं कम्प्यूटरवर चढवायची मोहीम निघाली होती. त्यासाठी घरोघर माणसं पाठवली होती, आणि आता त्या मोहिमेची फळं घेऊन अर्धं शहर रांगेत उभं होतं. कुणाच्या नळाला शेजाऱ्याचं नाव लागलं होतं. कुणी मेलेला असून पाणी पीत होता.

ब्राह्मणपाऱ्यात फिरलेला माणूस खेमलाल साहू. अभनपूरकडचा, चाळिशीतला, पान खाणारा. मी मनात ठरवूनच गेलो होतो की हा चिरीमिरी खाणारा असणार. तसा तो दिसेना. माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि प्रश्न ऐकून जराही गडबडला नाही.

"खिरवडकर जी का घर? हव, याद है। उस दिन वहाँ बहुत सारी महिलाएँ आई थीं। मुझे तिल का लड्डू भी मिला।"

म्हणजे तो हळदीकुंकवाच्या दिवशीच आला होता. कांताबाई बीरगांवला होती त्याच दिवशी.

"मग दुसरं मीटर कुठे पाहिलं तुम्ही?"

"देखा नहीं साहब। घर में इतनी महिलाएँ, अंदर कैसे जाता? मैंने दरवाजे से पूछा, मीटर ठीक है? दीदी ने खुद बताया कि मीटर बढ़ा है।"

"कोण दीदी?"

"घर की मालकिन। मैंने पूछा, किधर? बोलीं, पीछे, कांताबाई की तरफ। डिब्बे रखे दिख रहे थे, तो पूरा नाम पूछके मैंने धंधे का लिख दिया।" त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "दो बार पूछा था साहब। दो बार बोलीं, कल ही बढ़ा है।"

मीटर बढ़ा है. एक मीटर वाढलं आहे. यात शंकेला जागा कुठे होती? कांताबाई नाही, विशाल नाही, खेमलालही नाही. गुन्हेगार हातात पाण्याचा पेला घेऊन नवऱ्याच्या मागे उभी होती.

५

मला ते मनातून पटेना. सरलावहिनी घरातले तांदूळ संपले तरी संपले म्हणत नाहीत, 'तांदूळ भरपूर झाले, आणायला हवेत' म्हणतात. कुणी निघालं तर 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. नवऱ्याच्या दुखण्यानंतर तर त्या एकेक शब्द निवडून टाकत होत्या. अशी बाई दारातल्या परक्या माणसाला धडधडीत खोटं का सांगेल? कांताबाईला काढायचं असतं, तर नुसतं नवऱ्याला सांगितलं असतं तरी पुरे होतं.

पण विचारणं भाग होतं, म्हणून परत खिरवडकरांच्या ओसरीवर गेलो. देवीदास शेजारीच बसले होते.

"वहिनी, हळदीकुंकवाच्या दिवशी दफ्तराच्या माणसाला तुम्ही सांगितलं का, की मागे दुसरं मीटर बसवलं म्हणून?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दुसरं मीटर? देवाची शपथ भाऊजी, मी दुसऱ्या मीटरचं नाव नाही काढलं."

"मग काय सांगितलं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग विशालकडे. विशालने मान खाली घातली. "काही नाही," त्या म्हणाल्या. "मले आठवत नाही."

"खोटं बोलून राहिला तो माणूस!" देवीदास ओरडले. "त्या कांताबाईनं पैसे चारले असतीन त्याले! अक्ती नाही, आता उद्याच—"

त्यांचा हात छातीवर गेला. वहिनी धावल्या. गोळी घेऊन त्यांना बरं वाटल्यावर मी घरी आलो.

माझी बायको इंदू मोरीत डाळ धुत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता उठायला गेली आणि तिचा हात नळावर आपटला. खळ्ळकन आवाज झाला.

"अगंबाई," ती म्हणाली, "बांगडी वाढली."

मी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिलो.

"असं काय बघता? जुनी होती. वाढली."

"हेच हिंदीत सांग."

"काय?"

"त्या सुकवाराबाईला हिंदीत सांग, काय झालं ते."

सुकवाराबाई आमच्याकडे भांडी घासते, अंगणात बसली होती. इंदूला वाटलं माझं डोकं फिरलं. पण माझ्या डोक्याची तिला सवय आहे, म्हणून तिने हाक मारली. "बाई, देख ना, मेरी चूड़ी बढ़ गई।"

सुकवाराबाईने राखेचे हात वर करून कौतुकाने विचारलं, "के ठन बढ़ गे, दीदी?"

किती वाढल्या?

मी चहासुद्धा न मागता परत खिरवडकरांकडे निघालो.

६

आधी विशालला गल्लीत गाठलं.

"हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी तू गाडी या गल्लीत घातलीस, आणि हँडल मीटरवर आदळलं. बरोबर?"

त्याची नजर मीटरच्या काचेवर गेली.

"बाबांनी गाडी गल्लीत आणायला मनाई केली होती. ते चिडले तर काही भलतंच होईल म्हणून तू काचेला चिंध्या गुंडाळल्या, आणि आईला सांगितलंस, बाबांना सांगू नको. पुढे गुपचूप नवी काच बसवलीस. दुसऱ्या दिवशी खेमलाल आला. मीटर ठीक आहे का, त्याने विचारलं. तुझी आई खोटं बोलणारी नाही. ती म्हणाली, नाही, मीटर..."

"बढ़ा है," विशाल पुटपुटला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "हे भगवान! काका, आई तो टूटने को..."

"सणाचा दिवस. घरात सवाष्णी जमलेल्या. नवरा नुकताच मरणाच्या दारातून परत आलेला. त्या दिवशी तुझी आई 'काच फुटली' म्हणेल? आपल्या बाया बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तिने तेच हिंदीत सांगितलं. पीछे, कांताबाई की तरफ, मीटर बढ़ा है. आणि खेमलालने प्रामाणिकपणे एक मीटर वाढवून दिलं."

देवीदासांना सांगताना विशालला शेजारी उभा केला. मला वाटलं होतं, ते गरजतील. ते मीटरपाशी गेले आणि नव्या काचेवरून बोट फिरवू लागले.

"माह्यापासून लपवलं," ते म्हणाले. "म्हंजे मी एवढा वाईट हाओ?"

वहिनींनी नुसता पाण्याचा पेला पुढे केला. ते त्यांना पुरेसं लागलं असावं, कारण दफ्तरात यायला ते स्वतःच आधी चप्पल घालून उभे राहिले. कांताबाईलाही बोलावलं, बिल तिच्या नावाचं होतं म्हणून.

बिल दुरुस्तीचे साहेब तरुण होते, सभ्य होते. मी बांगडीपासून सगळं समजावलं. खेमलालही तिथेच होता. ऐकून त्याने दोन्ही कान पकडले. साहेब हसले.

"अंकल, मैं समझ गया। पर फाइल में बांगड़ी कैसे लिखूँ? जिन्होंने बताया था, वही साफ बोल दें कि मीटर को क्या हुआ था। मैं अभी दूसरा कनेक्शन हटा देता हूँ।" ते वहिनींकडे वळले. "बोलिए माताजी, क्या हुआ था?"

"बढ़ा था," वहिनी म्हणाल्या.

"मतलब एक और लगा?"

"नहीं जी। एक ही था। वही बढ़ा।"

"माताजी, बढ़ा लिखूँगा तो बिल फिर दो आएँगे।"

वहिनींनी पदर घट्ट धरला. ओठ हलले, पण शब्द येईना. नवरा बाकावर बसला होता, उन्हाने लाल झालेला, एक हात छातीवर. त्याच्यासमोर, कपाळाला कुंकू असताना, तो शब्द तोंडातून काढायचा. आम्हाला पुरुषांना यात काय कठीण, असं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं, आणि मग त्यांची बोटं मंगळसूत्रावर गेलेली दिसली.

तेव्हा कांताबाई पुढे झाली.

"राहू द्या वहिनी. तुमी नका बोलू. मी सांगते साहेबांना. मले काय आता त्या शब्दाचं भेव? माह्यं काय फुटायचं राहिलं?"

तिने ते अगदी सहज म्हटलं, डब्यात किती पोळ्या घालू असं विचारावं तसं.

सरलावहिनींनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हळदीकुंकवाच्या दिवशी ही बाई बीरगांवला का जाते, हे त्यांना बहुतेक त्या क्षणी कळलं. त्यांनी कांताबाईचं ते मनगट धरलं, टेबलापुढे गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या,

"फुटलं. मीटर फुटलं होतं साहेब. काच फूटा था. फूटा."

सगळं दफ्तर वळून बघू लागलं. वहिनींनी घाबरून मागे पाहिलं. देवीदास बाकावर जसेच्या तसे बसले होते. उलट छातीवरचा हात खाली आला होता.

"अवं, मी बसून आहो ना इथं," ते म्हणाले. मग उठून कांताबाईपुढे आले. "कांताबाई, ते अक्तीचं... मी बोललो ते विसरून जा. खोली तुही आहे. म्हंजे घर माहं आहे, पण खोली तुही आहे."

"बिल मात्र तुमचंच ठेवा, भाऊजी," कांताबाई म्हणाली.

साहेबांनी कम्प्यूटरवरून दुसरं मीटर काढून टाकलं. जे कधी नव्हतं ते गेलं.

परतताना वहिनींनी मारुतीच्या देवळापाशी रिक्षा थांबवली आणि नारळ घेतला. विशालने सवयीने हात पुढे केला. वहिनींनी तो बाजूला सारला आणि नारळ कांताबाईच्या हातात दिला.

"घे. आज तुह्या हातानं."

कांताबाईने नारळ दोन्ही हातांनी धरला. देवापुढे नारळ तिच्या हातात कुणी देऊन फार वर्षं झाली असतील. तिचे डोळे भरले, आणि लगेच तिला हसूही आलं.

"वाढवू का फोडू, वहिनी?"

"काही कर," सरलावहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पण लवकर कर. हे उन्हात उभे आहेत."